दोन वाटा आणि एक वाटाड्या

बोईसरच्या औद्योगिक वसाहतींतून भरलेला ट्रक महामार्गाला लावावयाचा असेल, तर त्याला दोन वाटा आहेत. एक वाट पूर्वेकडे चिल्हार फाट्यास निघते; दुसरी पालघरला वळसा घालून मनोरच्या मस्तान नाक्यावर पोंचते. चिल्हारच्या रस्त्यावर एखादा टँकर आडवा झाला, तर जाणता ड्रायव्हर चहाच्या टपरीवर दोन शब्दांची चौकशी करितो आणि मुकाट्यानें पालघरची वाट धरितो. यांत कोणाला कांहीं शास्त्र दिसत नाहीं. परंतु हीच गोष्ट माणसाऐवजीं यंत्रानें करावयाची, आणि ट्रकाऐवजीं तारेंतून धांवणाऱ्या अक्षरांच्या बाबतींत करावयाची म्हटली, म्हणजे तींत किती खाचाखोचा आहेत हें ध्यानांत येतें. आज मला त्या खाचाखोचांविषयींच आपल्याशीं बोलावयाचें आहे.

विषय थोडक्यांत असा. कारखान्यांतून, कचेरींतून किंवा घरांतून बाहेर जाणारी इंटरनेटची वाहतूक एकाच जोडणीवर न सोंपवितां ती दोन किंवा अधिक जोडण्यांवर वांटून द्यावयाची. हें काम करणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. मोठ्या कचेऱ्यांतून हेंच काम फायरवॉल नांवाचें यंत्र करितें. मी दोघांनाहि आज वाटाड्या म्हणणार आहें, कारण दोघांचें काम तेंच.

प्रथम एक प्रसंग सांगतों. एका सायंकाळीं तारापूर वसाहतींतील एका कारखान्याच्या फाटकाशीं मी उभा होतों. कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. पिंपांनीं भरलेला ट्रक वापीला जावयाचा होता. वापी म्हणजे गुजरात. आणि १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील माल एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत न्यावयाचा तर सामान्यतः ई-वे बिल हातीं असल्यावांचून गाडी हलवितां येत नाहीं. तें बिल इंटरनेटवर काढावें लागतें. आंत कारकून घामाघूम झाला होता. "साहेब, साइटच बिघडली आहे, एकदां उघडते, पुन्हां दाबलें कीं अडते," असें तो म्हणत होता. मालकांना तें पटेना. पूर्वीं एकदां तार तुटून नुकसान झाल्यामुळें त्यांनीं दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या होत्या, आणि दोहोंचें भाडें ते दरमहा भरीत होते. ड्रायव्हर खिडकीशीं येऊन पुन्हां पुन्हां विचारी, "शेट, कागद झाला का?" दोन जोडण्या असतांना एका जोडणीपेक्षांहि वाईट अवस्था कां व्हावी, हें तेथें कोणालाच कळत नव्हतें. या कोड्याचा उलगडा मी पुढें करीन. त्याआधीं वाटाड्याचें काम कसें चालतें तें पाहूं.

तारापूरच्या लोकांना एक योगायोग सांगण्याजोगा आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली ती २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं. आणि दुसऱ्याच दिवशीं, २९ ऑक्टोबरच्या रात्रीं, अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून स्टॅन्फर्डच्या संशोधनसंस्थेकडे अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश धाडण्यांत आला. दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र कोलमडलें! त्याच जाळ्यांतून पुढें इंटरनेट वाढलें. त्याच्या मुळाशीं असलेली कल्पना पॉल बॅरन यांनीं १९६४ मध्यें आणि त्यांच्यापाठोपाठ इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं स्वतंत्रपणें मांडली होती. ती अशी कीं, संदेश अखंड पाठवूं नये. त्याचीं लहान लहान पाकिटें करावीं, प्रत्येक पाकिटावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता घालावा, आणि वाटेंतल्या प्रत्येक नाक्यानें तें पाकीट मोकळ्या वाटेनें पुढें ढकलावें. एक वाट मोडली तरी जाळें चालत राहावें, हा तिचा हेतु.

मग कोणी विचारील, कीं जर पाकिटें अशीं सुटीं सुटीं आहेत, तर एक पाकीट एका जोडणीनें आणि पुढचें दुसरीनें पाठवावें. एवढ्यांत काम झालें! येथेंच पहिली खोच आहे. तुमच्या घरांतल्या किंवा कचेरींतल्या संगणकांना जे पत्ते असतात ते घरगुती असतात. बाहेरच्या जगांत ते चालत नाहींत. बाहेर जातांना वाटाड्या त्या पाकिटावरचा घरगुती पत्ता खोडून तेथें कंपनीनें दिलेला सार्वजनिक पत्ता घालतो, आणि कोणाचें पाकीट कोणत्या खुणेनें गेलें याची नोंद स्वतःच्या वहींत ठेवितो. उत्तर आलें कीं वही पाहून तें ज्याचें त्याला देतो. एखाद्या पेढीचा टपाल-कारकून सर्वांचीं पत्रें पेढीच्या पत्त्यावरून पाठवितो, तसाच हा प्रकार. आतां जोडण्या दोन म्हणजे सार्वजनिक पत्तेहि दोन. बँकेशीं तुमचें संभाषण पहिल्या पत्त्यावरून चालू असतां मधलेंच पाकीट दुसऱ्या पत्त्यावरून गेलें, तर बँकेचें यंत्र म्हणतें, हा कोण तिऱ्हाईत? आणि तें पाकीट टाकून देतें. म्हणून एक संभाषण ज्या जोडणीवर सुरू झालें त्याच जोडणीवर तें संपलें पाहिजे, हा या विद्येंतला पहिला नियम.

यावरून एक गैरसमज दूर होतो. शंभर मेगाबिटांची एक जोडणी आणि पन्नास मेगाबिटांची दुसरी घेतली, म्हणजे दीडशें मेगाबिटांची एक रुंद वाट तयार होत नाहीं. एखादा मोठा चित्रपट एकाच संभाषणांतून उतरवून घेत असाल, तर त्याला फार तर शंभरच मिळतील. वांटणी होते ती संभाषणांची. अनेक माणसें, अनेक कामें एकाच वेळीं चालू असतील तेथें ही वांटणी शोभून दिसते; एकट्या माणसाच्या एकाच कामाला तिचा उपयोग थोडा.

आतां वाटाड्याला शिकवावयाचें काय, तें क्रमानें पाहूं. प्रथम त्याला दोन्ही जोडण्यांची ओळख करून द्यावी लागते: कोणती तार कोणत्या भोकांत आहे, तिच्यावर आपला पत्ता कोणता, आणि तिच्या पलीकडची वेस कोणती. प्रत्येक वाटाड्याजवळ वाटांचें एक कोष्टक असतें, आणि त्यांत शेवटीं एक सर्वसाधारण आज्ञा असते: ज्या गांवची वाट ठाऊक नाहीं, तें पाकीट अमुक वेशीकडे सोडावें. जोडणी एक असली कीं ही आज्ञाहि एकच असते. जोडण्या दोन झाल्या कीं आज्ञा दोन लिहाव्या लागतात, आणि दोहोंची पायरी सारखी ठेवावी लागते. एक वरची व एक खालची ठेवली, तर वाटाड्या नेहमीं वरचीलाच जातो आणि दुसरी जोडणी नुसती भाडें खात बसते. पत्ता बदलण्याची नोंदहि प्रत्येक जोडणीसाठीं निराळी करावी लागते. नाहीं तर दुसऱ्या वेशींतून बाहेर पडणाऱ्या पाकिटावर पहिलीचा पत्ता राहतो, आणि उत्तर भलत्याच दारीं जातें किंवा पाकीट वेशीवरच अडविलें जातें.

मग वांटणीची रीत ठरवावयाची. सर्वांत सोपी रीत आळीपाळीची: पहिलें संभाषण इकडे, दुसरें तिकडे. जोडण्या सारख्या नसतील तर त्यांना भारांक द्यावे. शंभराच्या जोडणीला दोन आणि पन्नासाच्या जोडणीला एक दिला, कीं दर तीन संभाषणांतील दोन पहिलीवर व एक दुसरीवर जातें. परंतु संभाषणांची संख्या सारखी वांटली म्हणजे ओझें सारखें वांटलें असें होत नाहीं. टोपलींत तीन फळें वांटतांना एक फणस निघावा आणि दोन बोरें निघावीं, तशी येथली गत. एक संभाषण म्हणजे चार ओळींचें पत्र असेल, तर दुसरें म्हणजे पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांचें रात्रभर चालणारें चित्रीकरण असेल.

दुसरी रीत शेषाची. संगणकाच्या घरगुती पत्त्याचा शेवटचा आंकडा घ्यावा, त्याला तिनानें भागावें; बाकी शून्य किंवा एक उरली तर पहिली जोडणी, दोन उरली तर दुसरी. प्रत्यक्षांत यंत्र यापेक्षां गुंतागुंतीचा हिशेब करितें, पण तत्त्व हेंच. यांत लाभ असा कीं एका माणसाचीं सारीं संभाषणें एकाच सार्वजनिक पत्त्यावरून जातात. बँकेचीं व सरकारी खात्यांचीं कित्येक पानें एकाच कामासाठीं पांचदहा संभाषणें उघडतात, आणि तीं दोन पत्त्यांवरून आलीं तर संशय घेऊन तुम्हांला बाहेर काढतात. शेषाच्या रीतीनें ही आपत्ति टळते. तोटा असा कीं दोघे तिघे भारी वापर करणारे एकाच बाजूला पडले, तर ती वाट तुंबते आणि दुसरी मोकळी राहते.

तिसरी रीत सांडव्याची. सूर्या नदीवरचें धामणीचें धरण भरलें कीं जादा पाणी सांडव्यावरून जातें, तसें पहिली जोडणी ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरली म्हणजेच नवीं संभाषणें दुसरीवर सोडावयाचीं. दुसरी जोडणी वापराप्रमाणें पैसे घेणारी असेल, उदाहरणार्थ मोबाइलच्या सिमवर चालणारी, तर ही रीत बरी.

या सर्वांवर आणखी कांहीं विशेष आज्ञा लिहितां येतात, आणि मला विचाराल तर खरें शहाणपण तेथेंच आहे. फोनवरच्या बोलण्याला थोडी जागा लागते, पण उशीर खपत नाहीं. तें चांगल्या जोडणीवर ठेवावें. कॅमेऱ्यांचें चित्रीकरण दुसरीवर ढकलावें. रसायनांच्या कांहीं कारखान्यांतून सांडपाण्याच्या मापकांचे आंकडे प्रदूषण नियंत्रण मंडळांकडे सतत जात असतात. तो प्रवाह लहान, पण त्यांत खंड पडूं नये म्हणून त्याला दोन्ही वाटा खुल्या असाव्या. बाहेरून कोणी आपल्या यंत्राशीं संभाषण सुरू केलें, तर त्याचें उत्तर तें ज्या दारानें आलें त्याच दारानें परत गेलें पाहिजे, हेंहि वाटाड्याला सांगून ठेवावें लागतें. आणि एक गोष्ट पुष्कळजण विसरतात: संकेतस्थळाच्या नांवावरून पत्ता शोधून देणारी नांवांची वही. एका कंपनीची वही दुसऱ्या कंपनीच्या तारेवरून विचारणाऱ्याला पुष्कळदां उत्तर देत नाहीं. तार शाबूत, वेस उघडी, आणि तरीहि कोणतेंच पान उघडत नाहीं, असें झालें तर ही वही प्रथम तपासावी.

आतां त्या कारखान्याच्या कोड्याकडे वळूं. जोडणी जिवंत आहे कीं मेली, हें वाटाड्याला कसें कळावें? तो दर कांहीं सेकंदांनीं एक हाक देतो आणि उत्तराची वाट पाहतो. ही हाक देणारा पिंग नांवाचा कार्यक्रम माइक म्यूस यांनीं १९८३ मध्यें लिहिला. पाण्यांत नाद सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधतात, त्या नादावरून त्याला हें नांव पडलें. आपल्या भाषेंत याला मी खुशाली विचारणें म्हणेन. सारा प्रश्न एवढाच, कीं खुशाली विचारावयाची कोणाची?

त्या कारखान्यांत वाटाड्याला सांगितलें होतें, कीं पहिल्या जोडणीची खुशाली तिच्या वेशीला विचार. आणि ती वेस म्हणजे कंपनीची पेटी त्याच खोलींतल्या भिंतीवर लटकत होती! बाहेर रस्त्याच्या कडेला खणतीच्या कामांत तार तुटलेली. पण भिंतीवरची पेटी बॅटरीवर सुखरूप. वाटाड्या दर पांच सेकंदांनीं विचारी, "खुशाल ना?" आणि पेटी म्हणे, "खुशाल." तेव्हां वाटाड्या आपल्या नियमाप्रमाणें संभाषणें वांटीत राहिला: कांहीं जिवंत वाटेवर, कांहीं मेलेल्या. कारकुनाचें पान एकदां उघडे आणि दुसऱ्यांदा अडे, तें यामुळें. जोडणी एकच असती तर ती बंद पडल्याचें लगेच कळलें असतें. येथें दोन होत्या म्हणून दोष सरकारी साइटवर गेला आणि दोन तास वायां गेले.

उपाय पांच मिनिटांचा होता. तेथल्या तरुण तंत्रज्ञानें खुशाली विचारण्याचें ठिकाण बदललें. वेशीच्या बऱ्याच पलीकडचे, इंटरनेटवरील दोन स्वतंत्र व भरंवशाचे पत्ते त्यानें दिले, आणि दोघांकडूनहि ओळीनें तीन वेळां उत्तर आलें नाहीं तरच जोडणी मेली समजावी असें लिहिलें. पत्ते दोन अशासाठीं, कीं एखादे वेळीं तो दूरचा पत्ताच बंद असावयाचा, आणि आपण विनाकारण चांगली जोडणी खोडावयाची. शिवाय पहिल्या जोडणीची हाक पहिल्याच जोडणीवरून गेली पाहिजे, असा निर्बंध त्यानें घातला. नाहीं तर ती दुसऱ्या वाटेनें फिरून येऊन मेलेल्याची खुशाली सांगते. पंधरा सेकंदांत वाटाड्यानें पहिली जोडणी खोडली, बिल निघालें, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

जोडणी परत जिवंत झाली तर तिला लगेच कामावर घेऊं नये. सांधलेली तार पहिल्या कांहीं मिनिटांत पुन्हां पुन्हां सुटते. प्रत्येक वेळीं वाटाड्यानें संभाषणें इकडून तिकडे नेलीं, तर कोणाचेंच काम पुरें होणार नाहीं. म्हणून खोडण्यासाठीं तीन वेळां मौन पुरे, पण परत घेण्यासाठीं दहा वीस वेळां सलग उत्तर मागावें. आणि हें ध्यानांत ठेवावें, कीं जोडणी मेली तेव्हां तिच्यावर चालू असलेलें संभाषण वाचत नाहीं. फोन तुटतो, पान पुन्हां उघडावें लागतें. वाटाड्या वाचवितो तें पुढचें काम.

आतां थोडा हिशेब. समजा, प्रत्येक जोडणी शंभरांतील एक भाग वेळ बंद असते. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे एकच जोडणी असेल तर वर्षांत सुमारें ८८ तास काम अडेल. दोन जोडण्या असतील, आणि त्यांचें बंद पडणें एकमेकांवर अवलंबून नसेल, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ दहा हजारांत एक भाग, म्हणजे वर्षांत अवघीं ५३ मिनिटें. हा लाभ डोळे दिपविणारा आहे. परंतु सारी मदार "अवलंबून नसेल तर" या शब्दांवर आहे. प्रारंभीं मी दोन रस्ते सांगितले. चिल्हारचा आणि मनोरचा रस्ता निराळे खरे, पण दोन्ही शेवटीं एकाच महामार्गाला मिळतात. महामार्गच अडला तर दोहोंचा उपयोग नाहीं. खरी निराळी वाट म्हणावयाची तर ती रेल्वेची. तारांचेंहि तसेंच आहे. कंपन्यांचीं नांवें दोन, बिलें दोन. पण दोघींच्या तारा एकाच चरांतून गेल्या असतील, तर खणतीयंत्राच्या एका घावांत दोन्ही जातात. ज्या जिल्ह्यांत गेल्या कांहीं वर्षांत मालवाहू रेल्वेमार्गाचीं आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचीं कामें निघालीं, तेथें ही भीति पुस्तकी नव्हे. म्हणून नवी जोडणी घेतांना वेगाच्या आधीं वाट विचारावी: तार कोणत्या रस्त्यानें येते, जमिनीखालून कीं खांबांवरून? १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गुजरातेकडे गेलें. अशा दिवशीं खांबावरच्या आणि जमिनीखालच्या तारेचें नशीब एक नसतें. तिसरी वाट मोबाइलची किंवा बिनतारी असावी. पण तो मनोराहि त्याच तारेवर तर टेंकलेला नाहीं ना, हें पाहावें. आणि वाटाड्या व दोन्ही पेट्या यांना बॅटरीचा आधार द्यावा. एका वीजखंडानें तिघेहि झोंपले तर हा सारा खटाटोप व्यर्थ.

हें सारें कारखान्यांपुरतेंच आहे असें मानूं नका. पालघरांत किंवा बोईसरांत राहून मुंबईच्या कचेरीचें काम घरीं बसून करणारीं कुटुंबें आज पुष्कळ आहेत. वडिलांची सभा, मुलीची परीक्षा आणि आजीचा डॉक्टरांशीं सल्ला एकाच वेळीं चालूं शकतो. घरीं एक फायबरची जोडणी आणि एक सिम घालतां येणारा वाटाड्या असला, तर एवढें पुष्कळ झालें. मात्र एक निर्णय घरांतल्यांनीं आधीं घ्यावा: मोठी वाट बंद पडून धाकटी तेवढी उरली, तर कोणीं थांबावयाचें? दोन जोडण्या मिळून नव्वद मेगाबिटांची संवय लागली असेल आणि उरलेली जोडणी पन्नासांची असेल, तर चाळिसांचें काम कोणाचें तरी अडणारच. चित्रपट थांबावा, परीक्षा थांबूं नये. हें वाटाड्याला आपोआप कळत नाहीं. शांतपणें, आधीं, लिहून द्यावें लागतें.

आणि शेवटीं एक विनंती. सर्व आज्ञा लिहून झाल्या, जतन करून झाल्या, म्हणजे एखाद्या रविवारीं सकाळीं पहिल्या जोडणीची तार स्वतःच्या हातानें काढा. भिंतीजवळची नव्हे, पेटीच्या पलीकडची, बाहेरून येणारी. घड्याळ लावून पाहा, किती सेकंदांत काम पुन्हां चालूं होतें. मग ती लावा आणि दुसरी काढा. त्या कारखान्याच्या मालकांनीं ही परीक्षा आधीं एकदां केली असती, तर त्या सायंकाळीं तो ट्रक दोन तास फाटकांत उभा राहता ना. आतां ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती करितात असें ऐकतों.